माघारी आणलेली नावं

त्या वर्षांत हिंगोलीत 'बॅकप' हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक होता आणि त्याचा अर्थ एकच होता, बॅटरी. वीज सकाळी जायची, दुपारी जरा तोंड दाखवायची आणि संध्याकाळी पुन्हा बेपत्ता व्हायची. त्यामुळे जो तो एकमेकांना विचारी, "तुमच्याकडं बॅकप किती तासाचा?" किराणा दुकानदार विचारी, डॉक्टर विचारी, सोयरीक बघायला आलेले पाहुणेसुद्धा पोह्यांची बशी खाली ठेवताना कोपऱ्यातल्या बॅटरीवर नजर टाकून घेत. अशा मुलखात करुणा खिल्लारे हिनं आपल्या ट्रस्टच्या संचालक मंडळाला लेखी कळवलं, की आपल्या तिन्ही सर्व्हरना बॅकपची तातडीनं गरज आहे. त्याचा जो अर्थ लागायचा तोच लागला. पण ते सांगण्याआधी करुणा कोण, ते सांगायला हवं.

आखाडा बाळापूरच्या जळबा खिल्लाऱ्यांची ती थोरली लेक. जळबा गवंडी. बाळापुरातल्या निम्म्या भिंतींना त्यांचा ओळंबा लागलेला होता, आणि भिंत वाकडी दिसली की ते दुसऱ्याच्या दारातही थांबून डोकं खाजवत. आई रुक्माबाई रोजानं शेतात जायची. पोरीनं शिकावं हा दोघांचा हट्ट. करुणा नांदेडला शिकली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि कॉम्प्युटरच्या क्लासला गेली. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. का, ते शिकवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग लग्न झालं, ते दोन वर्षंही टिकलं नाही, आणि करुणा एक पत्र्याची पेटी घेऊन बाळापूरला परत आली. गावात अशा मुलीला 'माघारी आलेली' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठ वळली की म्हणतात.

पुढं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात नव्या पाट्या लागल्या, आणि त्या धामधुमीत एका धर्मादाय ट्रस्टनं रक्तपेढी काढली. करुणाला तिथं कॉम्प्युटरवर नोकरी लागली. काम होतं रक्तदात्यांच्या नोंदी ठेवायचं, पण नोंदी ठेवायच्या तर आधी दाते पाहिजेत. म्हणून ही बाई शिबिराच्या जीपमध्ये बसून गावोगाव हिंडली. सेनगाव झालं, साखरा झालं, आडबाजूचे तांडे झाले. रक्त दिलं की माणूस खंगतो, पोटच्या लेकराला दूध कमी पडतं, असल्या समजुती लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेल्या. करुणा वाद घालत बसत नसे. आपली पाळी असली की स्वतःचा हात पुढं करून पहिली बाटली आपली देई, नसली की मागच्या सुईची खूण दाखवी, आणि मग चहा पीत गप्पा मारत बसे. तासाभरात कुणीतरी उठून विचारी, "सुई लई मोठी असती का हो बाई?"

जमलेल्या दात्यांची नोंद तिची स्वतःच्या पद्धतीची होती. नाव, गाव, रक्तगट हे तर सगळेच लिहितात. ती पुढं लिहायची, की याच्या तांड्यावर फोन नाही, निरोप अमुक एसटीच्या कंडक्टरकडं द्यावा. हा कापूस वेचणीच्या दिवसांत सापडत नाही, याच्या सासुरवाडीला विचारावं. वर्षावर्षानं ही यादी वाढत गेली. त्या यादीसाठी हिंगोलीला सर्व्हरचं मोठं मशीन, सेनगाव आणि बाळापूरला एकेक लहान, आणि तिन्ही टेलिफोनच्या तारेनं जोडलेली. प्रत्येक मशीनमध्ये आपापल्या भागाची माणसं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी सेनगावची वीज गेली आणि परत येताना असा झटका देऊन आली, की लहान मशीनमधून धूर निघाला. मशीन मेलं, आणि त्याच्या पोटात सेनगाव तालुक्याची सगळी माणसं गेली.

दुसऱ्याच दिवशी जगन आला. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा हा माणूस. त्याची लेक पुजा आठ वर्षांची. तिला थॅलेसेमिया होता. म्हणजे अंगातलं रक्त टिकत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. त्यातून तिचा गट ओ निगेटिव्ह. सगळ्या भागात त्या गटाची माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि एकदा रक्त दिलेला माणूस तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही. म्हणून कोणाची पाळी कधी, हे यादीत बघूनच बोलवावं लागे. आता सेनगावची यादीच नव्हती, आणि बाकीच्या दोन याद्यांत पाळी आलेला कुणी नव्हता. शिबिरांचे कागद होते, पण ते तारखेवार गठ्ठ्यात. त्यातून निगेटिव्ह माणूस हुडकायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

करुणा डोळे मिटून खुर्चीत बसली आणि एकेक गाव आठवत गेली. सेनगावच्या अंगणवाडीत मदतनीस असलेली बेबीबाई तिला आठवली. निरोप गेला, बेबीबाई हातातलं खिचडीचं पातेलं दुसरीला देऊन आली, आणि पुजाला रक्त मिळालं. जगन हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी हायत म्हून हाय बगा पोरगी."

हे ऐकून दुसरी कोणी सुखावली असती. करुणा घाबरली. आज मला ताप असता तर? मी एसटीत असते, बाळापूरच्या रानात असते तर? त्या दिवसापासून तिनं रजा घेणंच सोडलं. गावी जायचं ते पुजाच्या तारखा बघून, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जळबांची फार दिवसांची इच्छा होती, लेकीला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन यावं. दर वर्षी ते विचारत आणि आधी शिबिरांमुळं, आता पुजामुळं ती म्हणे, "पुढच्या साली, बा." एका लेकराचा जीव आपल्या आठवणीला टांगलेला आहे, हे ओझं तिला झोपेतही खाली ठेवता येत नव्हतं.

म्हणून तो बॅकपचा अर्ज. मंडळानं तो एकमतानं मंजूर केला, आणि आठवड्यात रक्तपेढीच्या दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून एक इन्व्हर्टर आणि चार गलेलठ्ठ बॅटऱ्या उतरल्या. अध्यक्ष तातेराव हार-नारळ घेऊन जातीनं हजर होते. तातेराव म्हणजे मनानं दिलदार, शेतीत मुरलेले, आणि ऐकण्यापेक्षा बोलण्यात जास्त रमणारे.

"घ्या करुणाताई," ते म्हणाले. "तुमी तीन मशीनीला मागितलं, आमी चार बॅटऱ्या आणल्या. आता वीज जाऊन जाऊन जाईल कुठं?"

नारळ फुटला, पेढे वाटले गेले. करुणानं पेढा तोंडात घातला, कारण तोंड बंद ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. बॅटऱ्या वाया गेल्या नाहीत, रक्ताच्या फ्रिजला लागल्या. पण तिचं दुखणं होतं तिथंच राहिलं.

पुढच्या बैठकीत ती स्वतः उभी राहिली. "साहेब, बॅटरीनं मशीन चालू ऱ्हातं. पण मशीनच मेलं तर त्याच्यातली नावं कुठून आणायची? रोजच्या रोज त्याची नक्कल दुसऱ्या जागी निघाली पाहिजे, आणि लागल तवा ती परत आणता आली पाहिजे. त्याचं सॉफ्टवेअर मिळतं. त्याला बॅकप म्हणतात."

"बॅकप तर त्यो बसला की," तातेरावांनी बॅटऱ्यांच्या खोलीकडं बोट केलं. "त्याला बॅकप, ह्याला बी बॅकप, असं काहून? लोक म्हणतील ट्रस्टनं एकच वस्तू दोनदा घेतली. दुसरं नाव सांगा."

"माघारी," ती म्हणाली. "गेलेलं माघारी आणायची यंत्रणा."

दोघातिघांनी नजर टेबलावर वळवली, एकानं चष्मा पुसायला घेतला. हा शब्द हिच्याबद्दल कुठं आणि कसा वापरला जातो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. तिनं तो मुद्दाम उचलला होता का, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण एकदा तोंडातून गेल्यावर तिला फार बरं वाटलं, अंगातला काटा निघाल्यासारखं.

"माघारी. बराबर," तातेराव म्हणाले. "लिहून घ्या." तेव्हापासून ट्रस्टच्या कागदोपत्री ती 'माघारी यंत्रणा' झाली आणि तपासून निवडायचं काम करुणावर आलं.

तीन कंपन्यांना बोलावणं गेलं. करुणाची अट एकच होती. नक्कल कशी निघते ते दाखवू नका, माघारी कशी येते ते दाखवा.

पहिला गृहस्थ पुण्याहून आला, गळ्यात टाय बांधून. उन्हाळ्याचे दिवस होते, त्याचं त्यालाच कळलं आणि दुपारपर्यंत टाय बॅगेत गेला. त्याच्या सॉफ्टवेअरनं भराभर नक्कल काढली. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली. करुणानं एक कोरं मशीन पुढं केलं आणि म्हणाली, "आता यात आणा." आणलं. नोंदी सगळ्या आल्या, पण मराठी अक्षरं कुठंतरी वाटेत सांडली होती. साखऱ्याच्या धुरपताबाईच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"मॅडम, डेटा तर पूर्ण आलाय," तो म्हणाला.

"आलाय. पण मी हाक काय म्हणून मारू?"

त्यानं बराच वेळ खटपट केली. धुरपताबाई काही आली नाही, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.

दुसरी कंपनी मोठी होती, मुंबईची. त्यांचे साहेब बोलायला गोड, आणि त्यांच्या पडद्यावर रंगीत आलेख असे काही वरखाली होत, की तातेराव खुर्ची ओढून बघत बसले. "हे खरं सॉफ्टवेअर," ते म्हणाले. करुणानं या खेपेला परीक्षा जरा अवघड ठेवली. सेनगावला नवं मशीन बसलं होतं, महिनाभर खपून कागदावरून नावं पुन्हा भरली होती. साहेबांच्या सॉफ्टवेअरनं नक्कल काढून घेतल्यावर त्यातली साखऱ्याच्या शिबिराची सगळी नावं तिनं हिंगोलीतून तारेवरूनच पुसून टाकली. सीडीवर वेगळी प्रत घेऊन ठेवली होती, त्यामुळं धोका नव्हता. सेनगावच्या माणसाला मात्र मुद्दामच काही सांगितलं नाही. खरं संकट कुणाला सांगून येत नाही, मग परीक्षा तरी का सांगून घ्यायची, असा तिचा हिशेब. साहेबांना म्हणाली, उद्यापर्यंत ही नावं माघारी आली पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी तिनं बघितलं तर नावं जागच्या जागी. मोजली तर बराबर तेवढीच. साहेबांच्या पडद्यावर 'पूर्ण' असा शेरा. तातेरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की सोमवारी ऑर्डर देऊन टाकू. करुणालाही हायसं वाटलं. सेनगावचं मशीन मेल्यापासून पहिल्यांदा तिनं मनातल्या मनात पुढच्या महिन्याच्या रजेचा विचार केला.

शनिवारी पुजासाठी माणूस बघायला म्हणून तिनं साखऱ्याची यादी उघडली. ओ निगेटिव्हमध्ये पहिलंच नाव होतं, 'देवला काका'.

तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. देवला काका. त्याच्या खाली धुरपताबाई मावशी. आणखी खाली रतनसिंग मामा. करुणा नावं उघडी लिहायची, नात्यागोत्याशिवाय. पहिल्यांदा तिला हसू आलं, कारण मुंबईच्या सॉफ्टवेअरला साखऱ्याच्या माणसांचा इतका आदर वाटेल, हे काही खरं नव्हतं. मग लख्ख कळलं. ही नावं माघारी आलेली नव्हती. कुणीतरी ती नव्यानं लिहिली होती.

ती तडक सेनगावच्या जीपमध्ये बसली. तिथल्या केंद्रावर नेमसिंग असायचा. तो मूळचा साखऱ्याजवळच्या तांड्यावरचाच, वयानं तिच्याहून मोठा, सुई टोचण्यात हात हलका आणि टायपिंगमध्ये जड. तिला बघून त्यानं आधी चहा सांगितला.

"नेमसिंगभाऊ, साखऱ्याची नावं तुमी लिहिली का?"

नेमसिंगनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "सकाळी मशीन उघडलं तं समदी गायब. म्हणलं, मॅडमच्या हातून पुसली गेली. वरच्या सायबाला कळलं तं मॅडमला तकलीफ व्हईल. कागद हायतच आपल्याकडं. बसलो लिहीत."

"किती वेळ लागला?"

"दिवस गेला. मी एका बोटानं लिहितो ना."

"आणि हे काका, मावशी?"

"देवला सख्खा काका हाय माझा. नुसतं देवला कसं लिहू, मॅडम? बरं दिसतं का?"

करुणाला रागवायचं होतं. जीपमध्ये बसून तिनं त्याची तयारीही केली होती. पण तिच्याकडून चूक झाली असं समजून, ती झाकायला या माणसानं एका बोटानं अख्खा दिवस घातला, हे ऐकून ती रागवायचं विसरली. आयुष्यात तिच्या चुका मोजणारे पुष्कळ भेटले होते, झाकणारा हा पहिलाच. "चूक माझीच हाय, भाऊ," ती म्हणाली. "तुमाला सांगायला पाहिजे होतं." आणि तिनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. नेमसिंगनं कपाळाला हात लावला. मुंबईच्या साहेबांच्या सॉफ्टवेअरला नावं आधीच जागेवर दिसली, म्हणून त्यानं काहीच न आणता 'पूर्ण' म्हणून शेरा मारला होता.

आता तातेरावांना सांगायचं होतं. ते त्यांच्या मळ्यावर होते, पेरणीच्या तयारीत. माणूस बिचारा खूश होता. ऑर्डर थांबवा म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"करुणाताई, आता पुरे झालं. पैली न्हाई, दुसरी बी न्हाई. कंपनी येवढी मोठी हाय, ते काय खोटं बोलून राहिले का?"

ओसरीवर सोयाबीनच्या बियाण्याची पोती लागली होती, आणि दारात ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलेलं होतं. करुणानं त्याच्याकडं बोट केलं. "हे काय, साहेब?"

"उगवण बघायला ठुलं. सोयाबीनचा भरोसा न्हाई."

"पोत्यावर तर कंपनीचा शिक्का हाय. मोठी कंपनी असंल. मग गोणपाटात घालून काहून बघता?"

तातेराव गोणपाटाशी जाऊन बसले, एक कोपरा उचलून बघितलं, पुन्हा झाकलं. "आणिक एकदा बघा," ते तिकडं तोंड करूनच म्हणाले. "पण ह्या खेपंला त्या नेमसिंगला बांधून ठिवा."

बांधायची गरज पडली नाही. परीक्षेच्या दिवशी नेमसिंग रिकाम्या यादीपुढं दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. काका-मावशी डोळ्यांदेखत नाहीशी झालेली आणि आपण काही करायचं नाही, हे त्याला फार जड गेलं. अधूनमधून फोन करून तो विचारी, "मॅडम, येकच लिहू का? माझ्या काकाचं?" वीज दुपारपर्यंत तीनदा गेली, तितक्यांदा तार तुटली. संध्याकाळी साहेबांच्या पडद्यावर पुन्हा 'पूर्ण' आलं. यादीत अर्धी नावं होती, बाकीची कोरी. नावं माघारी आणतानाच तार तुटली होती आणि अर्ध्यालाच ते पूर्ण समजून बसलं होतं.

"तुमच्या लाइनचा दोष आहे," साहेब म्हणाले.

"आमची लाइन अशीच ऱ्हाणार, साहेब. तिच्यासकट चालंल असं पाहिजे," करुणा म्हणाली. तातेराव शेजारीच होते. त्यांनी आलेखांकडं पुन्हा बघितलं नाही.

राहिली तिसरी कंपनी. तिला कंपनी म्हणणं जरा जास्तच होतं. नांदेडला एका गाळ्यात चौघं मिळून सॉफ्टवेअर लिहीत होती, त्यातली शितल नावाची पोरगी आली. तिचा पडदा राखाडी, त्यावर ना रंग ना आलेख. पहिल्या परीक्षेत तिचं सॉफ्टवेअरही निम्म्यावर अडकलं. करुणाचा चेहरा उतरला. शितल पडद्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाई जमलं, ताई. कुठं अडलं ते बघू द्या."

हे वाक्य करुणानं या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा ऐकलं. शितल सेनगावला जाऊन नेमसिंगशेजारी बसली. वीज कधी जाते, तार कशी तुटते, परत कधी येते, हे नेमसिंगला घड्याळासारखं पाठ होतं, ते तिनं ऐकून घेतलं. मग नांदेडला गेली आणि काही दिवसांनी परत आली. या खेपेला तार तुटली की सॉफ्टवेअर थांबायचं, आणि वीज आली की सोडलं होतं तिथून पुढं उचलायचं. संथ होतं, म्हातारीनं चढ चढावा तसं. पण बाळापूरच्या कोऱ्या मशीनवर तिन्ही ठिकाणची नावं आली, मराठी अक्षरांसकट, पूर्ण. देवला आला, धुरपताबाई आली, बेबीबाई आली. करुणा एकेक नाव वाचत गेली आणि वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"ह्याच्यात रंग न्हाई," तातेराव म्हणाले.

"रंग न्हाई, साहेब. माणसं हायत."

ऑर्डर निघाली. पण करुणा एवढ्यावर थांबणारी नव्हती. यंत्र आलं तरी ते वापरणारी ती एकटीच, मग फरक काय पडला? तिनं नेमसिंगला शिकवलं, बाळापूरच्या माणसाला शिकवलं. दर महिन्याला एक दिवस ठरला. त्या दिवशी कोऱ्या मशीनवर सगळी यादी परत आणून बघायची, आणि ती करुणानं आणायची नाही, दुसऱ्यांनी आणायची. लोक बाजाराच्या दिवसासारखं म्हणू लागले, "आज माघारी हाय." करुणा त्या दिवशी दाराशी स्टुलावर बसून राही. नेमसिंग चुकायचा, शिव्या घालायचा, पुन्हा करायचा. ती ओठ आवळून गप्प बसायची. नुसतं बसणं किती कठीण असतं, हे आता तिला कळत होतं.

त्या वर्षी दसऱ्याला दीक्षेची पन्नास वर्षं होत होती. जळबांनी या खेपेला विचारलंच नाही. नुसती नवी पांढरी बंडी शिवून आणली आणि खुंटीला अडकवून ठेवली. करुणानं पुजाची तारीख बघितली. नेमकी त्याच दिवसांत. ती नाही म्हणणार होती. नेमसिंगनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा, मॅडम. आमाला काय शिकवलं मग?"

ती गेली. नागपुरात माणसांचा पूर लोटलेला. जळबा आणि रुक्माबाई लेकराचे हात धरावेत तसे एकमेकांचे हात धरून चालत होते. रांगेत उभी असताना करुणाचं चित्त मात्र हिंगोलीत. शेवटी न राहवून ती रांगेतून निघाली आणि एका फोनच्या दुकानातून तिनं सेनगावला फोन लावला.

"हिंगोलीचं मोठं मशीन मेलं, मॅडम," नेमसिंग म्हणाला. "काल सकाळी."

करुणानं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"मग मी इथं समदं माघारी आणलं," नेमसिंग पुढं सांगत होता. "यादी पाहिली. काकाची पाळी न्हवती, तीन महिने झाले न्हाईत. बाळापूरच्या धम्मदीपची होती. त्याला फोन केला, त्यो जीपनं हिंगोलीला गेला. पोरीला कालच रक्त चढलं. जगन हाय इथं, वापस चालला. घ्या, बोला."

जगनचा आवाज आला. "ताई, पुजा बरी हाय. भजे मागून राहिली."

"बरं झालं, जगनभाऊ. मी इकडं अडकले होते, जीव टांगणीला लागला होता नुसता."

"काळजी करू नका. निवांत या," जगन म्हणाला. "तुमच्यावाचून काईच अडलं न्हाई बगा."

हे वाक्य आपल्याकडं माणसाला हिणवायला वापरतात. भांडणात म्हणतात, घर सोडून जाणाऱ्या सुनेला म्हणतात. करुणानं रिसीव्हर खाली ठेवला आणि त्या गर्दीत, अनोळखी दुकानदारासमोर, ती घळघळा रडली. रुक्माबाईला घेऊन जळबा रांग सोडून घाईनं आले. "काय झालं गं? पोरीला काय झालं का?"

"न्हाई, बा. पुजा बरी हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्यावाचून काईच अडलं न्हाई."

जळबांना त्यात रडण्यासारखं काय ते उमगेना. पण लेकीचा चेहरा कित्येक वर्षांत एवढा हलका झालेला त्यांनी बघितला नव्हता, म्हणून ते गप्प राहिले. रांगेतली जागा गेली होती. तिघं पुन्हा पार शेवटी जाऊन उभे राहिले, आणि करुणानं रुक्माबाईला सांगितलं, की आपल्याला काही घाई नाही, दोन दिवस राहून जाऊ.